लोकप्रिय पुस्तकं वाचायला घेताय?

सगळ्या पुस्तकांना एकच मोजपट्टी लावू नका. सुपरहिरोंचं विडंबन हातात घेण्याआधी दोन-चार मूळ कॉमिक्स जरूर चाळा. सुपरमॅन १९३८ साली आला, तेव्हापासून रुळलेल्या खोडी, म्हणजे चष्मा चढवला की कुणीच ओळखत नाही वगैरे, ठाऊक असतील तरच चिमटा कुठे काढलाय ते कळतं.

सैनिकी प्रेमकथेत शेवट गोड होणार हे धरूनच चाला. रजा, पत्रं आणि ताटातूट लेखकाने किती मनापासून रंगवलीय तेवढं बघा.

मध्ययुगीन रहस्यकथा मात्र सावकाश वाचा. माझा जीव तिथेच जास्त रमतो! बोटांचे ठसे नाहीत, प्रयोगशाळा नाही; शोध घेणाऱ्याकडे फक्त नजर आणि माणसांची पारख. मठात वेळ कळते ती प्रार्थनेच्या घंटांवरून, म्हणून पहाटेच्या प्रार्थनेला कुणाची जागा रिकामी होती हाही पुरावा ठरतो. इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे कॉरोनर ११९४ पासून नेमले जाऊ लागले. कथा त्याआधीची की नंतरची, हे सुरुवातीलाच पाहून ठेवा. नावांचा गोंधळ होतोच, तेव्हा पात्रांची यादी कागदावर लिहून पुस्तकातच ठेवा.

आणि एखादं नाहीच रुचलं, तर खुशाल मिटून दुसरं उघडा.