होडी झिरपते, लांबी भरू का?

प्रश्न : फळ्या जोडून मी घरीच ३ मीटरची होडी बांधली. काठाशी पाण्यात ठेवली, तर सांध्यांतून पाणी झिरपलं. फटींत आणखी लांबी (पुट्टी) भरू का? आणि मुलीला घेऊन कधी निघता येईल?

उत्तर : होडी तरंगली, आधी त्याबद्दल मनापासून अभिनंदन! लांबीचा डबा तूर्त बंदच ठेवा. कोरडं लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळ्या एकमेकींना भिडतात आणि बारीक फटी मिटतात. सुक्या फटींत कडक लांबी ठासली, तर फुगणाऱ्या फळीला जागा उरत नाही; ती वाकते, खिळे सैल करते. होडी उथळ पाण्यात बांधून दोन-तीन दिवस राहू द्या, पाणी उपसत जा. तरीही कुठे धार लागली, तर तेवढाच सांधा दुरुस्त करा. (इपॉक्सीने चिकटवलेली प्लायवूडची होडी मात्र पहिल्या दिवसापासून कोरडीच राहायला हवी.)

मुलीला लगेच नको. आधी एकट्याने, कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून. चढताना पाय मधोमध ठेवा. मग तिच्या वजनाइतके पाण्याचे कॅन ठेवून पाहा. १ लिटर म्हणजे १ किलो. होडीचा काठ पाण्यापासून वीतभर तरी वर राहिला पाहिजे.

मला खरी काळजी वाऱ्याची वाटते. जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा वारा काठाशी जाणवतच नाही, आणि परतताना वल्हवून दम निघतो. असा वारा असेल त्या दिवशी निघूच नका. उपसायचं डबडं होडीला दोरीने बांधून ठेवा, जादा वल्हंही घ्या.