चर्चच्या कारभारात सामान्य माणसाचे मत किती चालते?

प्रश्न : आमच्या पॅरिश मंडळाने (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाविकसमुदाय) चर्चचे छप्पर बदलण्याचा ठराव बहुमताने केला. पाद्रींनी तो लागू केला नाही. मग आम्ही निवडून येऊन उपयोग काय? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : देवस्थानात महाजनांच्या, म्हणजे हक्काच्या सभासदांच्या, मताला जे वजन असते, त्याच अपेक्षेने पॅरिश मंडळाकडे पाहिले की असा हिरमोड होतो. 1983 च्या कॅथलिक चर्च-कायद्यातील कलम 536 नुसार पॅरिश मंडळाचे मत सल्ल्यापुरतेच असते आणि अध्यक्षस्थानी पाद्रीच असतात. म्हणून बहुमत झाले तरी ते बंधनकारक ठरत नाही.

शिवाय आपला ठराव चुकीच्या दारी गेला. पॅरिश मंडळाने पाहायचे ते धर्मशिक्षण, आजाऱ्यांची विचारपूस, वाड्यावाड्यांतील प्रार्थनागट. छप्पर हा पैशाचा विषय. त्यासाठी कलम 537 प्रमाणे प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थसमिती असलीच पाहिजे. गोव्यात इमारत आणि मिळकतीचे काम पोर्तुगीज काळापासून फाब्रिक ही चर्चची समिती पाहत आली आहे.

तेव्हा असे करा. वासे, रिपा, कौले आणि मजुरी वेगवेगळी दाखवणारी निदान दोन अंदाजपत्रके घ्या. अर्थसमितीपुढे ती ठेवून प्रत्येकाचे मत इतिवृत्तात नोंदवा आणि त्याच बैठकीत सह्या घ्या. पुढच्या बैठकीवर ढकलले की कोण काय म्हणाले यावरच वाद होतो. खर्च नित्य कारभाराच्या मर्यादेबाहेरचा असेल तर पाद्रींनाही आर्चबिशपांकडून लेखी परवानगी लागते, तिच्याविना केलेला व्यवहार चर्च-कायद्याने टिकत नाही. हे कागद वेळेत गेले नाहीत तर पावसाळा येतो आणि काम वर्षभर लांबते. परवानगी हाती येईपर्यंत ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.

आपला खरा हक्क हिशेबावर आहे, आणि तोच सहसा कोणी बजावत नाही. भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे कलम 1287 सांगते. वर्षअखेरचा जमाखर्च सर्वांना दिसेल असा लावावा, ही मागणी सौम्य शब्दांत, पण लेखी करा.

प्रश्न : फेस्तासाठी (चर्चच्या वार्षिक सणासाठी) जमवलेल्या वर्गणीतून उरलेले पैसे छपराला वापरता येतील का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : परस्पर नाही. ठरावीक कामासाठी दिलेले दान त्याच कामी लावायचे, असा कलम 1267 चा दंडक आहे. पुढच्या वर्षी पावतीवरच ‘शिल्लक दुरुस्ती निधीत’ असे छापून घ्या, म्हणजे देणाऱ्याची संमती आधीच मिळते.