लाक्स आणि लिविन्योला स्की-शूट: चौघांच्या टीमसाठी

तुमचा प्रश्न मला असा समजला: पुण्याहून चौघं निघणार, त्यातला एक मनालीचा स्कीअर. मार्चअखेरीस आधी स्वित्झर्लंडमधलं लाक्स, मग तिथून इटलीतलं लिविन्यो. दोन्ही मिळून दहा-बारा दिवस आणि हाती पाचेक मिनिटांची फिल्म. तुम्ही विचारलंय की कॅमेरा कोणता घ्यावा, ड्रोन न्यावा का, व्हिसा आणि कस्टम्सचं काय, आणि पाचवा माणूस वाढवावा का.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करत नाही, कारण तुमची खरी टंचाई तिथे नाही. ती आहे स्कीअरच्या पायांत. मोठ्या किकरवरून (उडीसाठी बांधलेला बर्फाचा चढ) पूर्ण जोर लावून मारलेल्या उड्या एका दिवसात मोजक्याच होतात. ट्रिक नवीन असेल तर त्याहूनही कमी, आणि दोनदा पाठीवर आपटला की त्या दिवसाचं शूट संपलं. पैसा, बॅटऱ्या, कार्डं हे सगळं वाढवता येतं, उड्या वाढवता येत नाहीत. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते सगळं एकाच हिशेबाने: तो उडी मारेल तेव्हा कॅमेरा चालू हवा आणि 'फोकस गेला, परत एकदा' असं म्हणायची वेळ कमीत कमी यावी.

मार्चअखेरचा आल्प्समधला दिवस कसा जातो ते आधी पाहा. रात्री थिजलेला बर्फ सकाळी कडक आणि निसरडा असतो. त्यावर रेल, बॉक्स (स्कीने घसरत जायचे दांडे आणि पेट्या) किंवा छोट्या उड्या ठीक, मोठ्या किकरचं लँडिंग मात्र गुडघे मोडणारं. ऊन लागून वरचा थर जरा मऊ झाला की तासा-दोन तासांची सुंदर वेळ मिळते. नंतर तो भुसभुशीत होतो, स्की रुततात, वेग मिळत नाही आणि माणूस लँडिंगच्या उतारापर्यंत न पोचता वरच्या सपाट भागावर आदळतो. पार्कातल्या (म्हणजे किकर, रेल असलेल्या राखीव उतारावरच्या) मंडळींच्या बोलीत त्याला 'नकल करणं' (इंग्रजी knuckle) म्हणतात. म्हणजे दिवसाचं मुख्य शूट त्या मधल्या खिडकीतच. त्याआधी लेन्स लावून, जागा धरून, रेडिओ तपासून तयार राहायचं.

पार्क घडवणारे जे लोक असतात, त्यांना शेपर म्हणतात. वसंतात ते किकरच्या तोंडावर आणि त्याकडे येणाऱ्या पट्ट्यावर मूठ-मूठ मीठ फेकताना दिसतील. मिठाने ओल्या बर्फातला थोडा भाग वितळतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि पृष्ठभाग पुन्हा आवळून कडक होतो. मीठ पडल्यानंतरचा वेळ सोन्यासारखा. पहिल्याच दिवशी शेपरांना जाऊन भेटा, काय शूट करणार ते दाखवा आणि उद्या मीठ कधी टाकणार ते विचारून घ्या. ही माणसं रात्रभर मशीन चालवून सकाळी फावडं घेऊन उभी असतात. त्यांच्या किकरच्या तोंडावर बूट घालून चालू नका आणि ट्रायपॉड लँडिंगच्या उतारावर रोवू नका. एवढं पाळलंत तरी निम्मी परवानगी तिथेच मिळते. उरलेली निम्मी कागदावर हवी: व्यावसायिक शूट असेल तर रिसॉर्टच्या मार्केटिंग विभागाला काही आठवडे आधी ईमेल, त्यात तारखा, माणसं, विमा आणि फिल्म कुठे दाखवणार हे स्पष्ट.

दुसरा शत्रू सपाट उजेड. ढग खाली उतरले की सावल्या जातात, बर्फ आणि आकाश एकच पांढरं दिसतं, आणि हवेतल्या स्कीअरला जमीन किती खाली आहे तेच कळत नाही. म्हणून किकरच्या कडेवर निळा रंग फवारलेला असतो. अशा दिवशी मोठी उडी मारायला सांगायचीच नाही, तो स्वतः तयार असला तरी. वाऱ्याचंही तेच. समोरून जोराचा वारा असेल तर वेग कमी पडतो, मागून असेल तर माणूस लँडिंग ओलांडून जातो. लाक्समध्ये अशा दिवसासाठी एक सोय आहे: फ्रीस्टाइल अकादमी नावाचा मोठा हॉल, आत ट्रँपोलिन आणि फोमचे खड्डे. सरावाचे आणि बोलण्याचे शॉट तिथे काढता येतात, दिवस फुकट जात नाही.

आता माणसं. पाचवा वाढवू नका. उलट चौघांमधला कोण खरंच चांगलं स्की करतो ते बघा. फ्रीस्टाइलचा, म्हणजे उड्या-फिरक्यांच्या स्कीइंगचा, जीव असतो फॉलो-शॉटमध्ये: एक जण हातात छोटा कॅमेरा किंवा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मूठ) घेऊन स्कीअरच्या मागे तेवढ्याच वेगाने जातो, आणि त्याच्याबरोबर उडीही मारतो. हे काम मुळात स्कीअरचं, कॅमेरा चालवता येणं त्यानंतर. तुमच्यात असा कोणी नसेल तर तिथलाच एखादा दिवसाच्या बोलीवर घ्या, पुण्याहून तिकीट काढून नेण्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित पडेल. बाकी दोघांना स्की येत नसेल तरी चालतं, पण मग जागा तशी निवडा. लाक्सला क्राप सोन जिऑन हे वरचं स्टेशन २,२२८ मीटरवर आहे, पार्क आणि तिथला प्रसिद्ध सुपरपाइप (अर्ध्या नळीसारखा बर्फाचा मोठा चर) त्याला लागूनच. स्की न घालताही लिफ्टने वर जाऊन पाइपच्या कडेला उभं राहता येतं. सगळीकडे अशी सोय नसते. बऱ्याच खुर्चीच्या लिफ्ट स्की नसलेल्या माणसाला घेत नाहीत, हे तिकीट काढण्याआधी विचारायचं.

उभ्या माणसाला स्कीअरपेक्षा जास्त थंडी वाजते, हे आपल्याकडचे लोक नेहमी विसरतात. तो घामाने भिजतोय आणि तुम्ही तास-तास एका जागी. बूट एक नंबर मोठे, दोन मोजे मावतील असे. पायाखाली टाकायला फोमच्या चटईचा तुकडा. सनस्क्रीन दर दोन तासांनी, नाकाच्या खालूनसुद्धा, कारण ताजा बर्फ सुमारे ८० टक्के अतिनील किरण परत वर फेकतो. काळा चष्मा न लावता दिवसभर व्ह्यूफाइंडरात डोकावलं तर रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं.

कॅमेरा कोणताही चालेल, फक्त सेकंदाला १२० फ्रेम नीट देणारा आणि हातमोजे घालून चालवता येणारा असावा. पण सगळंच स्लो-मोशन करू नका. स्की पाहणारे लोक फिरक्या मोजतात, त्यांना उडीचा खरा वेगही बघायचा असतो. आणि उडी धरून लँडिंग कापलेला शॉट म्हणजे ट्रिक झालीच नाही, असं ते समजतात. किकरचं तोंड आणि लँडिंग एकाच फ्रेममध्ये येईल अशी बाजूची जागा आधी घ्या, उरलेल्या उड्यांत कलाकुसर करा. आपल्या प्रेक्षकांसाठी एक शॉट नक्की काढा: किकरशेजारी साधा माणूस उभा. त्याशिवाय घरी सोफ्यावर बसलेल्याला ते किती मोठं आहे ते कळत नाही.

एक्स्पोजर ऑटोवर सोडलं तर कॅमेरा बर्फाला राखाडी करतो. एक ते दीड स्टॉप वर ठेवा आणि झेब्रा (जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) लावून बर्फातला पोत जात नाही ना ते बघा. स्कीअरला पांढरं किंवा करडं जॅकेट घालू देऊ नका, भगवा, पिवळा, लाल काहीही चालेल. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायच्या. संपलेली वाटणारी बॅटरी ऊब मिळाल्यावर पुन्हा थोडी चालते. आणि संध्याकाळी गरम खोलीत शिरण्याआधी, बाहेर थंडीतच, कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत टाका. खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडायची. नाहीतर वाफेचं पाणी लेन्सच्या आत बसतं. कार्डं आधी बाहेर काढून घेतली की कॉपी करायला थांबावं लागत नाही.

विमानाचं: लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत. १०० वॉट-अवरपर्यंतच्या चालतात, १०० ते १६० मधल्या कंपनीच्या परवानगीने प्रत्येकी दोन, त्यावरच्या नाहीत. बॅटरीवर आकडा नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. गरम मोज्यांच्या बॅटऱ्याही यात धरा. स्कीअरचे बूट मात्र काहीही झालं तरी हातातल्या बॅगेत. स्की हरवल्या तर भाड्याने मिळतील, त्याच्या पायाला बसलेले बूट मिळणार नाहीत, आणि दुसऱ्या बुटांवर तो मोठ्या उड्या मारणार नाही.

कस्टम्सकडे नीट लक्ष द्या, कारण तुमचा मार्ग जरा चमत्कारिक आहे. स्वित्झर्लंड आणि इटली दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणून माणसांना एकच व्हिसा. पण स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या कस्टम्स हद्दीत नाही, म्हणजे सामानाला सीमा आहे. त्यात लिविन्यो हे इटलीचंच गाव असून करमुक्त क्षेत्र आहे, तेही संघाच्या कस्टम्स हद्दीबाहेर. तिथून खाली उरलेल्या इटलीत उतरताना पुन्हा तपासणी. सगळा किट नेत असाल तर एटीए कार्नेट (सामान तात्पुरतं कर न भरता नेण्या-आणण्याचा कागद) करा. भारतात ते फिक्की ही उद्योगसंघटना देते, तारण ठेवावं लागतं, आणि प्रत्येक वस्तू अनुक्रमांकासह यादीत हवी. प्रत्येक सीमेवर थांबून शिक्का मारून घ्यायचा, पुण्या-मुंबईहून निघतानाही. अधिकारी हात दाखवून 'जा' म्हणाला तरी गाडी बाजूला घ्या. एक शिक्का राहिला तर नंतर पत्रव्यवहार करत बसाल. दोन बॉडी आणि चार लेन्सच असतील तर कार्नेटची गरज बहुधा पडत नाही, पण मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परत येताना हे सामान तुमचंच होतं हे दाखवता येतं.

यावरून ड्रोन. माझं मत: नेऊ नका. २०२२ पासून भारतात परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, आणि स्वतःचाच परत आणताना कागद कमी पडला तर वाद तिथे सुरू होतो. शिवाय तिकडे ऑपरेटर म्हणून नोंदणी आणि पायलटची परीक्षा लागते, उंची १२० मीटरपर्यंत, आणि गॉगल घालून एफपीव्ही (ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दृश्य बघत) उडवायचा तर शेजारी नजर ठेवणारा दुसरा माणूस लागतो. त्यावर रिसॉर्टची वेगळी परवानगी, कारण बचावाचं हेलिकॉप्टर कधीही येऊ शकतं. तिथला परवानाधारक एफपीव्ही पायलट एका चांगल्या हवेच्या दिवसासाठी घ्या. या लोकांना स्कीअरचा वेग अंगवळणी असतो.

व्हिसाच्या अर्जात शूटिंग लपवू नका. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. पगारी क्रू असेल तर 'पर्यटन' लिहिण्याआधी दूतावासाला लेखी विचारा. विम्याची किमान अट ३०,००० युरोंची आहे, पण तेवढ्याने भागत नाही. स्वस्त पॉलिसीच्या बारीक अक्षरांत हिवाळी खेळ, आणि विशेषतः फ्रीस्टाइल, बहुतेक वेळा वगळलेलं असतं. स्कीअरची पॉलिसी वेगळी काढा, त्यात हेलिकॉप्टर बचाव आहे का ते बघा. स्वित्झर्लंडमध्ये रेगाचा (हवाई बचाव सेवा) नंबर १४१४, इटलीत ११२. पार्कबाहेर स्वतःचा किकर बांधायची हौस कुणाला आली तर स्थानिक गाइडशिवाय नाही. दावोसच्या एसएलएफ संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रक रोज निघतं, धोक्याच्या ५ पायऱ्या असतात, आणि ३ म्हणजे 'मध्यम, चालेल' असा अर्थ काढू नका. कितीतरी जीव त्याच पायरीवर जातात.

लाक्सहून लिविन्योला गाडीने: क्लॉस्टर्सजवळ गाडीसकट वेरेइना बोगद्याच्या रेल्वेवर चढायचं, पलीकडे त्सेर्नेत्स, मग मुंत ला शेरा बोगदा. हा एकाच मार्गिकेचा आहे, गाड्या आळीपाळीने सोडतात, आणि हिवाळ्यात शनिवारी पर्यटकांची अदलाबदल होते तेव्हा रांगा लागतात. मधल्या वारी जा. बोगद्याला टोल आहे, स्विस महामार्गाचं ४० फ्रँकचं स्टिकर वेगळं. गाडी भाड्याने घेताना हिवाळी टायर आणि आंतरराष्ट्रीय परवाना. लिविन्यो १,८१६ मीटरवर, २०२६ च्या ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल आणि स्नोबोर्डच्या स्पर्धा इथेच झाल्या. मोत्तोलिनोचं पार्क गोंडोलाने गाठता येतं.

जेवण: स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, हॉटेल नको. भाजणी, पोहे, मेतकूट, बाकरवडी खुशाल न्या. तूप, पेढे, चीज मात्र नाही, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत.

आणि तारखा पक्क्या करण्याआधी त्या वर्षीचा ईस्टर कधी आहे ते कॅलेंडरात बघा. तो मार्चअखेर ते एप्रिल यात कुठेही येतो, त्या आठवड्यात राहण्याचे दर चढलेले असतात आणि किकरवर शाळकरी पोरांची रांग. तुमचा आठवडा त्यात येत असेल तर सरळ एक आठवडा अलीकडे या.