लशीनंतर खांदा आखडला : दावा कोणावर?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. गेल्या ऑक्टोबरात औषधाच्या दुकानात फ्लूची लस घेतली. सुई खांद्याच्या अगदी वर टोचली गेली आणि त्याच रात्रीपासून हात वर जाईना. आठ महिने झाले, अजून वेणी घालता येत नाही. दुकानावर दावा लावावा का?

उत्तर : आधी दुकानावर नाही. अमेरिकेच्या १९८६च्या कायद्यानुसार लशीमुळे झालेल्या इजेच्या भरपाईचा अर्ज आधी संघराज्य दावे न्यायालयात, केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना प्रतिवादी करून द्यावा लागतो, आणि भरपाई लशींवरील करातून जमलेल्या निधीतून मिळते. लशीमुळे झालेली खांद्याची इजा २०१७पासून अधिकृत तक्त्यात, म्हणजे लशीमुळेच झाल्या असे गृहीत धरल्या जाणाऱ्या इजांच्या यादीत, आहे; त्यासाठी दुखणे ४८ तासांच्या आत सुरू झालेले, त्याच खांद्यापुरते असलेले आणि त्या खांद्याची जुनी तक्रार नसलेली असावी लागते. त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकला पाहिजे, ही अट तुम्ही दुर्दैवाने पूर्ण केलीच आहे. अर्जाची मुदत पहिल्या लक्षणापासून तीन वर्षे.

खरी अडचण कागदांत येते. आपण ‘बरे होईल’ म्हणत तेल चोळत बसतो, आणि डॉक्टरांच्या पहिल्या नोंदीत नुसते ‘काही महिन्यांपासून खांदेदुखी’ एवढेच उरते. म्हणून लस कोणत्या हातात, कधी दिली याची दुकानातील नोंद आधी मिळवा. वेदनांपोटी भरपाई कमाल अडीच लाख डॉलर असते. उपचारखर्च व बुडालेली कमाई वेगळी. दावा प्रामाणिक आणि साधार असेल, तर तो फेटाळला गेला तरी वकिलाचे वाजवी शुल्क याच निधीतून मिळू शकते.