रामेश्वरम बेट बसने पाहता येईल का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी परळी वैजनाथ येथे राहतो, वय अनुक्रमे 67 आणि 61. परळी, औंढा आणि वेरूळ ही तिन्ही ज्योतिर्लिंगे घरच्या अंगणातली, आता रामेश्वर करावयाचे आहे. तेथे तीन दिवस राहू. ज्यांना विचारावे ते दिवसभराची गाडी करा असे सांगतात. आम्ही मात्र आयुष्यभर एसटीनेच फिरलो. तेथील बसने बेट पाहता येईल का, आणि एसटीची ज्येष्ठांची सवलत तेथे चालते का?
(एक वाचक, परळी वैजनाथ)

उत्तर : निश्चित पाहता येईल. रामेश्वरम ज्या पांबन बेटावर आहे, त्याचे क्षेत्रफळ सुमारे 67 चौरस किलोमीटर आहे. एसटीचे सवलत कार्ड तेथे चालणार नाही. परंतु तमिळनाडूत 2021 पासून साध्या शहरी बसमध्ये स्त्रियांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे बसमध्ये चढताना ही गाडी त्या सवलतीतील आहे का, एवढे कंडक्टरला विचारावे.

मुक्काम मंदिराजवळच ठेवावा, कारण बस स्थानक मंदिरापासून दोनेक किलोमीटरवर असले तरी शहरी बस या दोन ठिकाणांदरम्यान जा-ये करतात. पहिला दिवस पायीच घालवावा. अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग मंदिरातील 22 तीर्थांचे स्नान, त्यानंतर कोरडे कपडे घालून दर्शन, असा क्रम आहे. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, म्हणून कपड्यांचा दुसरा जोड सोबत हवा. दुपारी मंदिर बंद असते. त्या वेळात मशीद गल्लीतील डॉ. अब्दुल कलाम यांचे घर चालत जाऊन पाहता येते.

बसचा खरा उपयोग धनुष्कोडीसाठी होतो. बेटाचे हे टोक, अरिचलमुनै, रामेश्वरम गावापासून वीसेक किलोमीटरवर असून वाटेत दोन्ही बाजूंना समुद्र लागतो, आणि एवढ्या अंतरासाठी रिक्षाचे भाडे देण्यापेक्षा शासकीय बसच्या खिडकीत बसणे मला केव्हाही पटते. बसवरील पाटी तमिळमध्ये असेल, तरी ‘अरिचलमुनै पोगुमा?’ (जाते का?) एवढे विचारले की काम भागते. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री आलेल्या चक्रीवादळात धनुष्कोडी हे गाव आणि त्याकडे येणारी प्रवासी रेल्वेगाडी समुद्राने गिळली. गाडीतील शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यापूर्वी येथून श्रीलंकेतील तलाइमन्नारला बोटी सुटत. आज चर्च आणि रेल्वे स्थानकाच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. सकाळी लवकर निघावे, उतरल्याबरोबर परतीच्या बसची वेळ विचारून घ्यावी, आणि पाणी बरोबर न्यावे. पैठणच्या नाथांनी रामेश्वराला नेत असलेले गंगोदक वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या उघड्या वाळूवर तासभर उभे राहिल्यावर ती निराळीच समजते. वाटेवरचे कोदंडराम मंदिर 1964 च्या वादळातही टिकले. ते मुख्य रस्त्यापासून आत असल्याने बसने गेल्यास उन्हात चालावे लागते. गुडघे दुखत असतील तर ते सोडून द्यावे.

तिसऱ्या दिवशी रामनाथपुरम किंवा मदुराईकडे जाणारी कोणतीही बस घ्यावी. त्याच रस्त्यावर पेईकरुंबू येथे कलाम यांचे स्मारक लागते आणि पुढे पांबनचा पूल येतो. रस्त्याच्या पुलावरून, 1914 च्या जुन्या रेल्वेपुलाऐवजी एप्रिल 2025 मध्ये सुरू झालेला, मधला भाग सरळ वर उचलला जाणारा नवा रेल्वेपूल दिसतो. गंधमादन टेकडी तेवढी रिक्षाने करावी. अंतर थोडे, पण चढ आहे. रिक्षावाले डझनभर ठिकाणांची यादी पुढे करतात, तीत नाव नसलेली कुंडेही असतात. ठिकाण आणि भाडे आधी ठरवूनच बसावे.

प्रश्न : धनुष्कोडीला मुक्काम करून सूर्योदय पाहता येईल का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : नाही. वादळानंतर ते गाव राहण्यास अयोग्य ठरवण्यात आले असून दिवस मावळण्यापूर्वी पर्यटकांना परतावे लागते. सूर्योदय अग्नितीर्थावरूनही समुद्रातच होतो, आणि तेथे पोहोचण्यासाठी बसचीही गरज नाही.