टाचेची पैसेवारी

चि. बेटा,

तुझा निरोप मिळाला. "काका, नडगी किती दिवसांत पूर्ण बरी होईल?" आणि खाली, "पोलीस भरती कधीही निघू शकते." फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'हो काका, हो काका' म्हणतेस आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पुन्हा मैदानात दिसतेस. म्हणून लिहितो आहे. आज बैलांची खांदशेकणी, उद्या पोळा. घरचे सगळे गोठ्यात आहेत, मला तासभर निवांत मिळाला.

आधी माझं सांगतो, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. धावायला लागून मला 41 वर्षं झाली, त्यातली 30 लाइनमनच्या नोकरीत गेली. डाव्या टाचेमागची जाड शीर, डॉक्टर तिला अ‍ॅकिलीस म्हणतात, ती 2003 पासून दुखते. उजवा गुडघा 2011 पासून. डावा घोटा एका एप्रिलमध्ये वावरातून धावताना काळ्या मातीच्या भेगेत गेला, तो अजूनही ढगाळ हवेत कुरकुरतो. यातलं एकही दुखणं 'पूर्ण' गेलं नाही. आणि आज सकाळी मी शकुंतला रेल्वेच्या रुळाशेजारच्या वाटेने 8 किलोमीटर धावून आलो, दारव्ह्याच्या दिशेने चार आणि परत चार.

तुझ्या निरोपातला 'पूर्ण' तेवढा मला खटकला. आपल्याकडे पिकाची पैसेवारी काढतात ना, रुपयाला किती पैसे पीक आलं ते, तशी मी रोज सकाळी टाचेची काढतो. खाटेवरून उठून न्हाणीपर्यंत जायला मला 14 पावलं लागतात. पहिली चार पावलं सोडून द्यायची, रात्रभर आखडलेली शीर तिथे खोटं बोलते. पाचव्यापासून चौदाव्यापर्यंत कसं वाटतं त्यावर आकडा ठरवायचा आणि कॅलेंडरवर लिहायचा. 100 पैसे म्हणजे टाच आहे हे आठवतच नाही. 80 म्हणजे आहे, पण गप्प आहे. 60 ला मी हळू धावतो. 50 च्या खाली आली की दुष्काळ जाहीर, त्या दिवशी सायकल. गेल्या वीस वर्षांत माझी टाच रुपयाला कधी गेली नाही. रुपया भरल्याशिवाय पेरायचंच नाही म्हटलं असतं, तर आपल्या जिल्ह्यात कोणी पेरलं असतं का सांग.

धावताना आकडा थोडा खाली गेला तर मी घाबरत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी. काल 75 होती, धावलो, आज पुन्हा 75 ला आली, म्हणजे कालचा भार शिरेने पचवला. आज 60 वर असेल तर कालचं जास्त झालं, मग धावताना दुखलेलं असो की नसो. हे मला कॅलेंडरनेच शिकवलं. माझी समजूत होती की टाच लांब धावण्याने बिघडते. चार महिन्यांचे आकडे एकाखाली एक पाहिले तेव्हा दिसलं की 15 किलोमीटरनंतर ती ठीक असते. ज्या दिवशी खांबावर चढून तासभर पंजांवर उभा राहिलो किंवा चढावर जोरात पळालो, त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत ती पडते. मी मात्र दर वेळी कालच्या धावण्याला दोष देत होतो.

पण थांब. हे सगळं शिरेच्या दुखण्याचं. तुझी नडगी आहे, आणि तिथे शिरेचं की हाडाचं हे आधी ठरायला हवं, कारण हाडाशी असा व्यवहार करता येत नाही. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्टा दुखतो, सुरुवातीला जास्त आणि अंग गरम झालं की कमी, असं असेल तर ते भार अचानक वाढल्याचं दुखणं. भरतीच्या पोरापोरींत हे घरोघरी आहे. पण दुखरी जागा एका बोटाने दाखवता येते, दाबलं की जीव जातो, धावता धावता वाढत जातं, रात्री झोपेतही ठणकतं, त्या एका पायावर उडी मारवत नाही, असं असेल तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तेव्हा पैसेवारी नाही, काही नाही. धावणं बंद आणि डॉक्टर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये ती चीर बहुतेकदा दिसतच नाही, म्हणून 'एक्स-रे साफ आहे' एवढ्यावर पळायला लागू नकोस. हाड सांधायला दीड-दोन महिने लागतात, कधी जास्तही. तेवढे गेले तर भरती पुन्हा येईल. चीर पुढे सरकून हाड मोडलं तर वर्ष जातं.

पुढची गोष्ट तुझ्या काकूने लिहायला हवी होती. ती म्हणाली, तुम्हीच लिहा, लाजता कशाला. पाळी तीन महिने आली नसेल तर 'बरं झालं, सरावात खंड नाही' असं समजायचं नाही. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर आधी तिथे काटकसर करतं, आणि हाडं त्याच वेळी ठिसूळ व्हायला लागतात. वजन कमी केलं की वेळ सुधारते असं तुमच्या ग्राउंडवर कोण सांगतं मला माहीत आहे. त्याला सांग, आधी मी दोन भाकरी जास्त खाते, मग बोलू.

आता माझी चूक. 2006 मध्ये टाच 40 च्या खाली होती आणि मला घाई होती, तुझ्यासारखीच. एका डॉक्टरने शिरेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. आठ दिवसांत टाच अशी मऊ झाली की मी त्याच्या पाया पडायला जाणार होतो. दोन महिन्यांनी एका सकाळी, साध्या पळण्यात, मागून कोणी दगड मारल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं, मागे कोणीच नव्हतं. शीर अर्धी फाटली होती. सहा महिने घरात. ते औषध सूज आणि दुखणं दोन्ही मारतं, पण शीर कमजोर करतं, आणि दुखत नाही म्हणून आपण तिच्यावर नेमका तेव्हाच भार टाकतो. अ‍ॅकिलीसला ते देऊ नये असं आता जाणकार डॉक्टर स्वतःच सांगतात. मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

गोळ्यांचंही तसंच. भरतीच्या सकाळी डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी खाऊन मैदानात उतरणारे मी पाहिले आहेत. आपल्या उन्हात, अंगात पाणी कमी असताना ती गोळी मूत्रपिंडाला जड जाते. लहानपणी मेलेल्या ढोरावर गिधाडं उतरायची, तुझ्या पिढीने ती फक्त चित्रात पाहिली. ती याच औषधाने गेली. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी ते खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाड नाही, एका गोळीने काही होत नाही, पण दुखणं लपवून धावायची सवय लागते, ती वाईट. आणि एक नाव लिहून ठेव, सिप्रोफ्लॉक्सासिन. जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली की सर्रास मिळतं. या जातीच्या औषधांनी शिरा दुखावतात, तुटतातही, म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने 2008 मध्येच त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. डॉक्टरकडे गेलीस की 'मी धावते' हे आधी सांगत जा.

मला ज्याने उभं केलं त्याला एक रुपयाही लागला नाही. मारुतीच्या देवळाची पायरी. पंजे पायरीच्या कडेवर, दोन्ही पायांनी वर उठायचं, मग चांगला पाय उचलून दुखऱ्या पायावर हळूहळू टाच खाली सोडायची, पायरीच्याही खाली. गुडघा सरळ ठेवून 15 चे तीन, थोडा वाकवून 15 चे तीन. सकाळ-संध्याकाळ. दिवसाचे 180 होतात, मोजून बघ. 12 आठवडे. स्वीडनमधल्या आल्फ्रेडसन नावाच्या हाडांच्या डॉक्टरने 1998 मध्ये 15 धावपटूंवरचा हा प्रयोग छापला, पंधराही जण पुन्हा पळायला लागले. पुढे सगळ्यांनाच इतका गुण आला नाही, पण मला आला. सोपं वाटायला लागलं की पाठीवर वजन घ्यायचं असतं. मी पोराचं जुनं दप्तर घेतलं, त्यात दोन विटा टाकल्या. रोज पहाटे विटा पाठीवर घेऊन मारुतीच्या पायरीवर खालीवर करणारा माणूस पाहून एक म्हातारा महिनाभर गप्प राहिला, मग म्हणाला, "काय भाऊ, नवस फेडून रायले का?" म्हटलं, हो बाबा, टाचेचा. (शीर जिथे हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच पायरीखाली न्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं. तुलाही पोटऱ्या मजबूत करायला हे चालेल, पण नडगीचा निकाल लागल्यावर.)

तुझ्या सरावाच्या वहीत एक मोठी चूक आहे. मंगळवार 'आराम' लिहिला आहेस. गेल्या मंगळवारी तू काय केलंस? सहा तास पऱ्हाटीत निंदण. त्याआधीच्या मंगळवारी खताच्या थैल्या. हा आराम नव्हे. शहरातल्या माणसाने लिहिलेल्या तक्त्यात आराम म्हणजे खुर्ची असते, आपल्याकडे आराम म्हणजे दुसरं काम. वावरातलं काम वहीत धावण्याशेजारी लिही. सीतादहीपासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे पहिल्या वेचणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत, कापूस वेचायला जाशील, तेव्हा किलोमीटर कमी कर, लाजू नकोस. काळीज आणि फुप्फुसं दोन महिन्यांत तयार होतात, म्हणून दम लागत नाही आणि वाटतं आपण तयार झालो. शिरा आणि हाडं मागून बैलगाडीने येतात. तू त्यांची वाट न बघता पुढे गेलीस, एवढंच झालंय.

रस्त्याचं एक. समोरून येणारा ट्रक दिसावा म्हणून आपण उजव्या कडेने पळतो, ते बरोबरच. पण पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला दोन्ही कडांना उतार असतो. म्हणजे रोज उजवा पाय बोटभर खाली पडतो आणि डावा आत झुकतो. मी वीस वर्षं असा पळालो आणि डाव्याच टाचेला दोष देत बसलो. पांदण कोरडी असेल तेव्हा पांदणीने जा. पावसाळ्यात नको, एकेका जोड्याला किलोभर माती चिकटते आणि पाय कसाही पडतो. शकुंतलेच्या कडेची वाट सगळ्यात सपाट.

गुडघ्याचं थोडक्यात. 2011 मध्ये एमआरआय केला, रिपोर्टमध्ये 'गादी फाटली' असं आलं आणि मी सहा महिने जिना चढायला घाबरलो. नंतर एका समजूतदार डॉक्टरने सांगितलं की अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या 991 लोकांचे गुडघे असेच तपासले, 2008 मध्ये ते छापून आलं. ज्यांची गादी फाटलेली निघाली त्यातल्या 61 टक्के लोकांना मागच्या महिन्यात गुडघा दुखलाच नव्हता. मी घरी येताना एसटीतून उतरलो आणि मुद्दाम चढावरून चालत आलो.

मला सगळ्यात जड काय गेलं विचारशील तर दुखणं नाही. पहाटे बाकीचे पळताना दिसतात आणि आपण पायरीवर उभे असतो, ते. शीर फाटली त्या सहा महिन्यांत काकू म्हणाली होती, "धावत नसले की घरात चावत सुटता." खरं होतं. तेव्हा मी पळणाऱ्या पोरांची वेळ लावायला मैदानावर जायला लागलो, तिथेच पुढे तू भेटलीस. तू पण जा. वेळ लाव, गोळा टाकायचा सराव कर, उभ्याने गोळा टाकायला नडगी लागत नाही. 100 मीटर आणि 800 मीटर थांबू देत.

परवा सकाळी सहाला पायरीजवळ ये. एका बोटाने जागा दाखवायची आणि एका पायावर उडी मारायची, एवढंच बघू, त्यावरून यवतमाळला डॉक्टरकडे जायचं की नाही ते ठरवू. येताना जुने जोडे आण, नवे नकोत. टाचा कुठून झिजल्यात ते मला पाहायचं आहे. आणि वही आण. मंगळवार खोडून.

तुझा,
काका