ऑर्डरचं चित्र आणि आपलं चित्र: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

रेल्वेत नोकरी करतो आणि रविवारी चित्रं काढतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागांवर दहा चित्रांची मालिका करायची होती. पण ओळखीतून पोर्ट्रेटच्या ऑर्डरी सुरू झाल्या आणि मालिका दुसऱ्या चित्रावरच अडली. दोन्ही कसं जमवावं?
– एक वाचक, भुसावळ

भाऊ, आधी आठवड्याचे तास कागदावर मांडा. समजा रविवारचे पाच तास मिळतात आणि मधल्या तीन संध्याकाळी दीड-दीड तास. म्हणजे एकूण साडेनऊ. त्यातले सहा ऑर्डरला दिले तर महिन्याला चोवीस तास होतात. ए-थ्री आकाराचं एका चेहऱ्याचं पेन्सिल पोर्ट्रेट बोलणी आणि पॅकिंग धरून सहज चौदा तास खातं. चोवीसमध्ये चौदा एकदाच बसतात. उरलेले दहा तास बदल, आजारपण, पाहुणे यांत जातात. म्हणून महिन्याला एकच ऑर्डर घ्या. दुसरी आली तर पुढच्या महिन्याची तारीख द्या. ज्याला चित्र खरंच हवं असतं, तो थांबतो.

मालिकेचे साडेतीन तास रविवारी सकाळी ठेवा, ऑर्डरच्या आधी. 'ऑर्डर संपली की माझं काढीन' असं ठरवलं तर ते होत नाही, कारण एक ऑर्डर संपायच्या आत दुसरी येते. मन ताजं असताना आपलं काम करावं. पोर्ट्रेटमधला केसांचा आणि कपड्यांचा भाग थकलेल्या हातानेही होतो, पण नव्या चित्राची रचना होत नाही.

मालिका अडण्याचं दुसरं कारण म्हणजे दर वेळी नव्याने सुरुवात करावी लागणं. त्यासाठी आपल्या चित्राला वेगळा बोर्ड ठेवा आणि तो ऑर्डरसाठी रिकामा करू नका. काम थांबवताना सोपा भाग अर्धा ठेवा, म्हणजे पुढच्या रविवारी हात लगेच चालू लागतो. पाठीमागे चिठ्ठी चिकटवा: कोणते रंग मिसळले, आता काय करायचं. ॲक्रिलिक असेल तर झाकणाच्या पसरट डब्यात ओला, पिळलेला स्पंज ठेवा, त्यावर बटर पेपर अंथरा आणि त्यावर रंग काढा. झाकण घट्ट असेल तर मिसळलेला रंग काही दिवस ओला राहतो.

दहा मोठी चित्रं जड वाटत असतील तर आकार पोस्टकार्डाएवढा करा, पण मालिका सोडू नका. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) टेबलावर छोट्या वस्तू मांडून केलेल्या छायाचित्रणासाठी ओळखले गेले. एका टेबलावर मावेल एवढा विषयही आयुष्यभर पुरतो.

नातेवाईक फुकट किंवा अगदी कमी पैशांत चित्र मागतात. 'तुना हात तं सरासर चालस, दोन घंटानं काम शे' (तुझा हात तर भराभर चालतो, दोन तासांचं काम आहे), म्हणतात. दर कसा सांगू?
– एक वाचक, अमळनेर

ताई, दर तोंडी सांगू नका. कागदावर लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा. उदाहरणादाखल हिशेब असा: चौदा तास, तासाला १५० रुपये, म्हणजे मजुरी २१०० रुपये. कागद-पेन्सिली १५०, फ्रेम ६००, पॅकिंग व कुरिअर २५०. एकूण ३१००. तासाचा आकडा तुमच्या हातानुसार आणि गावानुसार बदलेल, पण रीत हीच ठेवा. एका चित्रात दोन चेहरे असतील तर मजुरी दीडपट ते पावणेदोनपट धरा. दुप्पट नको, कारण बोलणी, मांडणी आणि पॅकिंग एकदाच होतं. निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि ती आल्याशिवाय कागद कापू नका.

मजुरीतला पाचवा हिस्सा, वरच्या हिशेबात ४२० रुपये, वेगळ्या पाकिटात टाका. त्यातून फक्त स्वतःच्या चित्रांचं सामान आणायचं. छंदाला घरखर्चातून पैसे मागावे लागले की तो आपोआप मागे पडतो. ऑर्डर घेण्याचं आमच्या मते सगळ्यांत मोठं कारण हे पाकीटच आहे.

नात्यातल्यांसाठी वर्षाला किती चित्रं भेट द्यायची ते आधी ठरवा. दोन म्हणा. ती कोणाला द्यायची हे तुम्ही ठरवा, मागणाऱ्याने नव्हे. बाकीच्यांना 'यंदाची भेटीची दोन्ही झाली मामी, हे दरपत्रक पाहा' एवढंच सांगा. निम्म्या किमतीचा मधला मार्ग काढू नका. त्यात पैसेही सुटत नाहीत आणि भेट दिल्याचं समाधानही नाही, शिवाय तोच दर गावभर होतो.

मे महिन्यात जलरंगाचं काम बिघडतं. वॉश (पातळ रंगाचा पसरलेला थर) अर्ध्यावर वाळतो आणि कडा उमटतात. कूलर लावला तर कागद फुगतो. लग्नाच्या ऑर्डरी मात्र याच दिवसांत येतात.
– एक वाचक, शिरपूर

पारा चव्वेचाळिसाच्या आसपास आणि हवा कोरडी असली की ओल्या रंगाची कड आतल्या भागाच्या आधी वाळते. पुढचा ओला ब्रश त्या अर्धवट वाळलेल्या कडेवर गेला की रंग पाण्यासोबत ढकलला जातो आणि फुलकोबीसारखा डाग पडतो. पुन्हा ब्रश मारून तो जात नाही, उलट वाढतो. तो भाग पूर्ण वाळू द्या, मग ओल्या मऊ ब्रशने कड सैल करून टिपकागदाने उचला.

उपायाची सुरुवात कागदापासून करा. शंभर टक्के कॉटनचा ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कागद घ्या. पाच ते आठ मिनिटं स्वच्छ पाण्यात भिजवून लाकडी बोर्डवर पसरा आणि पाण्याने चिकटणाऱ्या तपकिरी कागदी टेपने चारी बाजू बांधा. बोर्ड रात्रभर आडवा ठेवा. उभा ठेवला तर पाणी खाली उतरतं आणि खालची टेप सुटते. असा ताणलेला कागद कूलरच्या दमटपणात फार फुगत नाही. एकाच बैठकीत संपणारं काम असेल तर कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या (कडक प्लास्टिकच्या) शीटवर चिकटवा. खालून ओल मिळत राहते आणि वॉशला जास्त वेळ मिळतो.

मोठा वॉश सकाळी पाच ते आठमध्ये उरका, पंखा बंद ठेवून. रंग लागेल त्याच्या दुप्पट आधीच मिसळून ठेवा, कारण मध्येच मिसळायला थांबलात की कड वाळलीच. मिसळायच्या १०० मिलीलीटर पाण्यात ग्लिसरीनचे तीन-चार थेंब टाकले तर वाळणं थोडं लांबतं. याहून जास्त टाकू नका. रंग चिकट राहतो आणि पावसाळ्यात ओल धरतो. कूलरची हवा थेट बोर्डवर नको. शेजारच्या खोलीत लावून दार अर्धं उघडं ठेवा.

यापेक्षा परिणामकारक उपाय म्हणजे वर्षाची वाटणी. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागे लग्नसराईत ऑर्डरी फक्त पेन्सिलच्या किंवा चारकोलच्या घ्या, कारण उन्हाळा त्यांचं फार बिघडवत नाही. लग्नाची भेट असेल तर सहा आठवडे आधी सांगायला लावा. जलरंग आषाढासाठी राखून ठेवा: हवा दमट, वॉश सावकाश वाळतो, लग्नं थांबलेली आणि गणपती-दिवाळीची गर्दी अजून लांब. मोठं वैयक्तिक काम करायचे खानदेशातले महिने हेच. श्रावणात कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या) सणाची तयारी सुरू झाली की घरातला वेळ पुन्हा तुटक होतो, म्हणून मालिकेतला अवघड भाग त्याआधी उरका. काढलेली चित्रं मात्र बंद ट्रंकेत ठेवू नका, बुरशी येते. मध्ये कोरा कागद घालून फळीवर आडवी ठेवा.

ग्राहक आधार कार्डावरचा फोटो पाठवतात आणि चित्र झाल्यावर 'बाबा असे दिसत नव्हते' म्हणतात. एका चित्रात सहा वेळा बदल केले. आता ब्रश हातात घ्यावासा वाटत नाही.
– एक वाचक, नंदुरबार

इथे दोष बहुधा फोटोचा आणि न ठरलेल्या बोलीचा असतो, हाताचा नव्हे. आधार कार्डावरच्या छोट्या छापील फोटोत डोळ्यांच्या पापण्या आणि ओठांची कड नसतेच. ती तुम्ही मनाने भरता आणि तिथेच चेहरा परका होतो. मूळ पासपोर्ट फोटो मागा आणि ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घ्या. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो मग साधारण ८२५ × १०६० पिक्सेलचा मिळतो, तेवढ्यावर काम भागतं. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो दाबला जाऊन बारकावे जातात. व्यक्ती हयात असेल तर सेल्फी नको: जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. पाच-सहा फुटांवरून, खिडकीच्या बाजूच्या उजेडात काढलेला फोटो हवा.

दिवंगत माणसाचं चित्र असेल तर वेगवेगळ्या वयांतले आणखी दोन-तीन फोटो मागा आणि कोणत्या वयाचे बाबा हवेत ते विचारा. मुलाच्या मनातले पन्नाशीचे असतात आणि आईच्या मनातले तिशीचे. होकार देणारी व्यक्ती घरातली एकच असावी.

मंजुरी दोन टप्प्यांत घ्या. आधी फक्त बाह्यरेषा दाखवा, मग छटा भरून झाल्यावर. दोन्ही वेळा एक-एक बदल फुकट, पुढच्या प्रत्येक बदलाची तासाप्रमाणे मजुरी. रेषा मंजूर झाल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलणार नाही, हेही आधी लिहून द्या. पाठवण्यापूर्वी चित्र आणि फोटो दोन्ही उलटे करून पाहा, डोळ्यांमधलं अंतर चुकलं असेल तर लगेच कळतं. हसऱ्या चेहऱ्यात दातांमधल्या रेघा ओढू नका, वय दहा वर्षांनी वाढतं.

आणि सध्या महिनाभर नवी ऑर्डर घेऊ नका. हातातली असेल तेवढी पूर्ण करा आणि रोज वीस मिनिटं कोणाला दाखवायचं नसलेलं रेखाटन करा. पोर्ट्रेट सोडून काहीही: वखार, पाण्याची टाकी, बाजारातल्या भरीताच्या वांग्यांचा ढीग.

ऑर्डरच्या चित्राचे प्रिंट काढून विकले तर चालेल का?
– एक वाचक, धुळे

परवानगीशिवाय नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ (ब) नुसार कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला कॉपीराइटधारक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. प्रिंट किंवा कॅलेंडर करायचं असेल तर ऑर्डर घेतानाच 'कॉपीराइट चित्रकाराकडे राहील' असं लिहून सही घ्या. कलम ५७ नुसार चित्रकार म्हणून ओळखलं जाण्याचा तुमचा हक्क कॉपीराइट दुसऱ्याकडे असला तरी राहतो. दुसऱ्या छायाचित्रकाराच्या फोटोवरून काढायचं असेल तर त्याचीही परवानगी लागते.

स्वतःच्या मनाने, स्वतः पाहून किंवा स्वतः टिपलेल्या फोटोवरून काढलेलं चित्र पूर्ण तुमचं. त्याचा हक्क तुमच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं टिकतो. मूळ विकलं तरी प्रिंटचा हक्क, लिहून दिला नसेल तर, तुमच्याकडेच राहतो. म्हणून विक्रीसाठी प्रिंट काढायचे असतील तर ते मालिकेच्या चित्रांचे काढा.